१.० टर्बो की १.२ साधं इंजिन? कुटुंबाच्या हॅचबॅकमध्ये पेट्रोल नेमकं कुठे जातं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार माणसं. रोज ऑफिसला जाताना नऊ आणि येताना नऊ किलोमीटर, तेही सिग्नल आणि गर्दीतून. महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी सगळ्यांना घेऊन, सामानासकट तीनशे किलोमीटरचा प्रवास, त्यात थोडा चढाचा रस्ता. दोन हॅचबॅक निवडून ठेवल्या आहेत. एकीत १.२ लिटरचं चार सिलिंडरचं साधं, म्हणजे टर्बो (सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेलं इंजिन आहे. दुसरीत १.० लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो आहे, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं. कागदावर दोन्हींचं मायलेज सारखंच, वीसच्या आसपास. एक मित्र म्हणतो की छोट्या इंजिनावर ताण येतो, ते टिकत नाही. दुसरा म्हणतो टर्बोच घे, पिकअपही मिळेल आणि मायलेजही. शिवाय तुम्ही विचारलंय, कागदावरचे वीस प्रत्यक्षात कुणालाच का मिळत नाहीत?

मी इंजिनांच्या कॅलिब्रेशनचं काम करतो. कोणत्या आरपीएमला, किती भाराला किती पेट्रोल फवारायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची हे टेस्ट बेंचवर ठरवायचं आणि मग गाडीत बसून तपासायचं, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो की ‘कोणतं इंजिन जास्त मायलेज देतं’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. प्रत्येक इंजिन कुठे तरी उत्तम चालतं आणि कुठे तरी पेट्रोल वाया घालवतं. तुमची गाडी दिवसाचा बहुतेक वेळ यांपैकी कोणत्या ठिकाणी असणार आहे, हे आधी पाहायला हवं. ते कळलं की दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर का आहेत हेही कळतं.

सुरुवात गरजेपासून करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळपास नऊ युनिट. आता हजार-अकराशे किलोची हॅचबॅक सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने एकसारखी चालवायला चाकांपाशी किती शक्ती लागते? फक्त ७ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे साडेनऊ हॉर्सपॉवर. ताशी ५० ला तर ३ किलोवॅटसुद्धा लागत नाहीत. गाडीत मात्र ६० किंवा त्याहून जास्त किलोवॅटचं इंजिन बसवलेलं असतं, कारण ओव्हरटेक करताना आणि चढावर तेवढं लागतं. म्हणजे कुटुंबाच्या गाडीचं इंजिन आयुष्यातला बहुतेक काळ आपल्या ताकदीच्या एक-दशांश कामावर असतं. पेट्रोल इंजिनाची खरी अडचण इथेच आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण ठरलेलं असतं, वजनाने साधारण १४.७ ला १. धुरातले तिन्ही घातक घटक एकाच कन्व्हर्टरमध्ये साफ करायचे तर या प्रमाणापासून फार हलता येत नाही. त्यामुळे ताकद कमी हवी असेल तेव्हा नुसतं पेट्रोल कमी करून भागत नाही, हवाही कमी करावी लागते. ते काम थ्रॉटलची झडप करते. ती जवळजवळ मिटलेली असताना पिस्टनला नाक दाबून श्वास घेतल्यासारखी हवा ओढावी लागते. बाहेर हवेचा दाब १ बार असतो, आत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, सावकाश चालताना तो अर्धा किंवा त्याहूनही कमी होतो. या ओढाओढीत आणि पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांच्या घर्षणात जी शक्ती जाते ती भार कमी केला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. काम थोडं आणि वरखर्च जवळजवळ तेवढाच, अशी ही स्थिती.

बेंचवर आम्ही याचा नकाशा काढतो. आडव्या अक्षावर आरपीएम, उभ्या अक्षावर सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब, म्हणजेच भार. चांगल्या आधुनिक पेट्रोल इंजिनाला त्याच्या आवडत्या जागी, मध्यम आरपीएम आणि बऱ्यापैकी भार असताना, एक युनिट काम करायला साधारण २४० ग्रॅम पेट्रोल लागतं. म्हणजे कार्यक्षमता ३५ टक्क्यांच्या जवळ. त्याच इंजिनाला २००० आरपीएम आणि २ बार या बिंदूवर नेलं की तेच काम करायला ३७० ते ४०० ग्रॅम लागतात. हा बिंदू आमच्या क्षेत्रात तुलनेसाठी नेहमी वापरला जातो, कारण छोटी गाडी शहरात सावकाश चालताना साधारण याच भागात असते. तेव्हा कोणी ‘या इंजिनाची कार्यक्षमता अमुक टक्के’ असं सांगितलं की पहिला प्रश्न विचारा: कोणत्या भाराला?

आता तुमच्या दोन इंजिनांकडे येतो. ताशी ८० ला गिअरबॉक्समधली हानी धरून इंजिनाकडून साडेसात किलोवॅट हवेत. १.२ लिटरचं साधं इंजिन वरच्या गिअरमध्ये समजा २३०० आरपीएमला फिरतंय. मग त्याचा सरासरी दाब येतो ३.३ बार. १.० टर्बोला कमी आरपीएमलाच भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) असल्यामुळे त्याचे गिअर जास्त लांब ठेवता येतात. ते समजा १९०० ला फिरतंय, तर त्याच कामासाठी त्याचा दाब येतो ४.७ बार. गाडी तीच, रस्ता तोच, पण छोटं इंजिन नकाशात वरच्या, चांगल्या भागात जाऊन बसलं. थ्रॉटल जास्त उघडी, ओढाओढ कमी. इंजिन लहान करून टर्बो लावण्याच्या पद्धतीमागचा सगळा विचार एवढाच आहे. एरवी इंजिन लहान असावं आणि गरज पडेल तेव्हा टर्बोने जास्त हवा कोंबून ते मोठं झाल्यासारखं वागावं. तुमच्या दुसऱ्या मित्राचं म्हणणं या मर्यादेत बरोबर आहे.

पण याची किंमतही मोजावी लागते. हवा कोंबली की दाब आणि तापमान वाढतं आणि ठिणगीने पेटलेली ज्वाला पोचायच्या आधीच मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप भडकण्याचा धोका निर्माण होतो. हेच नॉकिंग. ते टाळायला टर्बो इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रणाला किती पट दाबतो तो आकडा, कमी ठेवावा लागतो, साधारण १० किंवा थोडा वर. साध्या इंजिनाला ही अडचण कमी असल्यामुळे त्याचा रेशो १२-१३ पर्यंत नेता येतो. माझदाने २०११ मध्ये डेमिओ या छोट्या हॅचबॅकच्या १.३ लिटर इंजिनात तो १४ पर्यंत नेला होता. हा रेशो का महत्त्वाचा? जळलेला वायू जितका जास्त प्रसरण पावेल तितकं जास्त काम त्याच्याकडून काढून घेता येतं आणि तितका कमी गरम होऊन तो सायलेन्सरकडे जातो. आदर्श गणितात रेशो १० वरून १३ केला तर कार्यक्षमता ६० वरून ६४ टक्के होते. प्रत्यक्षातले आकडे बरेच खाली असतात, पण फायद्याची दिशा तीच राहते, आणि हा फायदा भार कमी असतानाही मिळतो.

साध्या इंजिनात याच्या पुढे जाणारी एक युक्ती आहे आणि मला ती मनापासून आवडते. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ मध्ये असं इंजिन बनवलं की ज्यात दाबण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा टप्पा लांब होता. त्याने ते दांड्यांच्या गुंतागुंतीच्या जोडणीने साधलं. आज तेच काम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून होतं. पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच असतो, आलेल्या मिश्रणाचा काही भाग परत जातो आणि उरलेलंच दाबलं जातं. प्रसरण मात्र पूर्ण लांबीचं मिळतं. शिवाय हवा कमी घेण्याचं काम व्हॉल्व्हनेच केल्यामुळे थ्रॉटल मिटावी लागत नाही. टोयोटाने २०१४ मध्ये १.३ लिटरचं असं इंजिन जाहीर केलं. रेशो १३.५, कमाल कार्यक्षमता ३८ टक्के, आणि त्यात ना टर्बो ना हायब्रिड. म्हणून तुमच्या यादीतलं १.२ इंजिन ‘साधं’ आहे म्हणजे जुनाट आहे, असं अजिबात धरू नका. माहितीपत्रकात त्याचा कॉम्प्रेशन रेशो बघा. तो १२ च्या पुढे असेल आणि दोन्ही कॅमशाफ्टना (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) बदलतं टायमिंग असेल, तर त्यावर मन लावून काम झालेलं आहे. रेशो १० च्या आसपास असेल तर मात्र रचना जुनी आहे आणि माझं मत बदलेल.

तीन सिलिंडरबद्दलही सांगतो, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत. सिलिंडर कमी म्हणजे बेअरिंग, रिंगा, व्हॉल्व्ह सगळंच कमी, म्हणून घर्षण कमी. एकूण आकार तोच ठेवून सिलिंडर कमी केले की प्रत्येक सिलिंडर थोडा मोठा होतो आणि त्याच्या घनफळाच्या मानाने भिंतींचं क्षेत्रफळ कमी राहतं, त्यामुळे उष्णता भिंतींतून कमी निसटते. पेट्रोल वाचवण्याच्या दृष्टीने ही रचना चांगली आहे. थरथर मात्र खरी आहे. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक ठिणगी पडते, तीनमध्ये २४० अंशांना. शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन टोकापासून टोकापर्यंत झुलायला बघतं. त्यासाठी बॅलन्स शाफ्ट लावतात, किंवा फ्लायव्हील आणि पुली मुद्दाम असमतोल ठेवून ते झुलणं कमी त्रासाच्या दिशेला वळवतात आणि मऊ माउंटिंगवर सोपवतात. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, हातात स्टिअरिंग थरथरलं म्हणजे इंजिन झिजतंय असं नाही. त्या थरथरीचा तुम्हाला त्रास होतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता तुमच्या रोजच्या नऊ किलोमीटरकडे वळू, कारण निकाल तिथेच लागतो.

ढोबळ हिशेब मांडतो. सरासरी ताशी २० ने नऊ किलोमीटरला सत्तावीस मिनिटं लागतात. त्यातला तिसरा हिस्सा गाडी उभी आहे असं धरू. छोटं गरम इंजिन आयडलला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पितं, म्हणजे नऊ मिनिटांचे साधारण ९० मिलिलिटर. वाटेत वीस वेळा थांबून पुन्हा ताशी ४० गाठावे लागले असं समजा. अकराशे किलोची गाडी ४० च्या वेगाला न्यायला सुमारे ६८ किलोज्यूल ऊर्जा लागते. इंजिनाची कार्यक्षमता पाव धरली तर दर वेळी साडेआठ मिलिलिटर पेट्रोल. ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. वीस वेळा म्हणजे १७० मिलिलिटर. टायर आणि हवेचा रोध पार करायला २४० च्या आसपास. आणि इंजिन थंड असण्याचे म्हणून ८० धरू. बेरीज होते ५८० मिलिलिटर, म्हणजे लिटरला साडेपंधरा किलोमीटर. एसी यात धरलेलाच नाही. तो चालू असेल तर कॉम्प्रेसर एक-दोन किलोवॅट घेतो. ताशी ५० ला गाडी ढकलायला तीन किलोवॅटही लागत नाहीत हे वर पाहिलंच, म्हणून शहरात एसीचा परिणाम इतका जाणवतो आणि महामार्गावर तितका जाणवत नाही.

या बेरजेकडे नीट बघा. अर्ध्याहून जास्त पेट्रोल उभं राहण्यात, पुन्हा पुन्हा वेग घेण्यात आणि थंड इंजिनात गेलं. टर्बो असो वा नसो, हे खर्च जवळपास तसेच राहतात. त्यांना कात्री लावणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: गाडीचं कमी वजन, सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारं इंजिन, आणि समोरचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडून देण्याची सवय. या शेवटच्या गोष्टीबद्दल आग्रहाने सांगतो. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि आरपीएम आयडलच्या जवळ येईपर्यंत इंजिन पेट्रोलचा थेंबही घेत नाही. चाकंच त्याला फिरवतात. न्यूट्रल करून गाडी सोडून दिली तर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहतं. उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचतं ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली आहे. आज ती चुकीची आहे आणि ब्रेकवर सगळा भार टाकत असल्यामुळे धोक्याचीही आहे.

थंड इंजिनाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण नऊ किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये त्याचं महत्त्व फार आहे. सकाळी चालू केल्यावर पहिला काही वेळ आम्ही ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो आणि आयडल वर ठेवतो. हेतू हा की गरम वायू कन्व्हर्टरकडे जाऊन तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत लवकर तापावा, कारण त्याआधी तो जवळजवळ काहीच साफ करत नाही. म्हणजे त्या वेळेला आपण जाणूनबुजून पेट्रोल जाळून उष्णता विकत घेत असतो. ऑइल घट्ट असल्यामुळे घर्षण वाढलेलं असतं. पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल गरम व्हायला त्यानंतरही वेळ लागतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात, भिंती थंड असताना थोडं पेट्रोल त्यांवर चिकटतं आणि रिंगांवाटे ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापलं की ते उडून जातं. रोज नऊ किलोमीटरवर गाडी बंद होत असेल तर ते साठत जातं आणि ऑइल पातळ होतं.

म्हणून ‘छोटं इंजिन टिकत नाही’ या तुमच्या पहिल्या मित्राच्या मुद्द्याकडे मी वेगळ्या बाजूने बघतो. दाबाचा आकडा पाहिला तर त्याची शंका समजण्यासारखी आहे. १.२ साध्या इंजिनाचा ११५ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे १२ बार सरासरी दाब. १.० टर्बोचा १७० म्हणजे २१ बारच्या वर. पण टर्बो इंजिन त्याच दाबासाठी बनवलेलं असतं. पिस्टनच्या खालून ऑइलचे फवारे असतात, क्रँक आणि कनेक्टिंग रॉड त्या भाराला पुरे पडतील असे असतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त उष्णता सोसणारे असतात. नुसत्या ताणाने ते मरत नाही. चुकीच्या किंवा जुन्या झालेल्या ऑइलने मात्र लवकर बिघडतं. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याखेरीज, कमी आरपीएमला एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर सिलिंडरमध्ये साचलेले ऑइलचे कण ठिणगीच्या आधीच पेटून प्रचंड दाब तयार होऊ शकतो, अगदी पिस्टन फोडण्याइतका. या दोषाला आळा घालायला इंजिन ऑइलची स्वतंत्र प्रतवारी आली, आधी २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस आणि मग २०२० मध्ये एसपी. टर्बो घेतलीत तर डब्यावर एसपी किंवा त्यानंतरची प्रत आहे याची खात्री करा आणि तुमच्यासारख्या छोट्या फेऱ्यांसाठी पुस्तिकेतलं ‘कठीण वापर’ हे वेळापत्रक पाळा. त्यात ऑइल बदलण्याचं अंतर कमी दिलेलं असतं. छोट्या फेऱ्या म्हणजे कठीण वापरच. तसंच कॅमशाफ्ट फिरवायला टायमिंग चेन आहे की ऑइलमध्ये फिरणारा बेल्ट, हेही विचारून घ्या. तसा बेल्ट असेल तर पातळ किंवा चुकीच्या ऑइलचा त्रास त्यालाही होतो, आणि त्याचे सुटलेले कण ऑइल पंपाची जाळी बंद करू शकतात.

महिन्याच्या लांबच्या प्रवासात चित्र उलटतं. चार माणसं आणि सामान धरून साडेतेराशे किलो वजन, शंभर मीटरला पाच मीटर असा चढ आणि वेग ताशी १००. इथे इंजिनाकडून ३३ किलोवॅटच्या आसपास हवेत. टर्बो हे काम वरच्या गिअरमध्ये २४०० आरपीएमला करून टाकेल, साडेसोळा बार दाबावर. गाडीला चढ जाणवणारही नाही. मात्र त्या क्षणी नॉकिंग टाळायला ठिणगी उशिरा टाकावी लागते आणि काही इंजिनांत एक्झॉस्ट थंड ठेवायला जादा पेट्रोलही फवारावं लागतं, त्यामुळे मायलेज खाली येतं. साध्या १.२ ला गिअर उतरवून ३३०० च्या वर न्यावं लागेल. आवाज वाढेल, ओव्हरटेक आधी ठरवून करावा लागेल, पण पेट्रोलच्या दृष्टीने ते त्याच्या चांगल्या भागात काम करत असेल. म्हणजे चढावर टर्बोचा खरा फायदा सहजपणाचा आहे, मायलेजचा नाही. टर्बो गाड्यांच्या मालकांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं कारणही हेच. जो सपाटीवर शांतपणे चालवतो त्याला ती छान मायलेज देते. ज्याला तो जोर पुन्हा पुन्हा वापरावासा वाटतो त्याला देत नाही.

महामार्गावर इंजिनापेक्षा वेगाचा परिणाम मोठा असतो. ताशी ८० वरून १२० ला गेलात तर दर किलोमीटरला चाकांपाशी लागणारं काम १.८ पट होतं, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. इंजिन जास्त भारावर थोडं बरं चालतं म्हणून पेट्रोल तेवढ्या पटीत वाढत नाही, पण दीडपटीच्या आसपास जातं. हॅचबॅकचं आखूड, तुटक मागचं टोक हवेच्या दृष्टीने गैरसोयीचंच. छताच्या मागच्या कडेचा छोटा स्पॉयलर हवेचा प्रवाह नेमक्या रेषेवर सोडण्यासाठी असतो. छतावर सामानाचं कॅरिअर लावलंत तर त्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. बॅगा आत बसत असतील तर आतच ठेवा.

हॅचबॅक मुळात किफायतशीर का, याचं श्रेयही फक्त इंजिनाला देऊ नका. १९५९ च्या मिनीमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटाखाली ठेवला. १९६४ मध्ये दान्ते जाकोसा यांनी ऑटोबियांकी प्रिम्युलामध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला, त्याच रेषेत जोडला आणि दोन्ही चाकांचे शाफ्ट कमी-जास्त लांबीचे ठेवले. आजची तुमची दोन्ही उमेदवार याच मांडणीची आहेत. मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट नाही, मधला उंचवटा नाही, म्हणून कमी लांबीत चार माणसं बसतात. फोक्सवॅगनने १९७४ च्या गोल्फला दिलेला मागचा पिळता आडवा दांडा, ट्विस्ट बीम, तो तर जवळपास प्रत्येक छोट्या हॅचबॅकमध्ये अजून आहे. तो स्वस्त आहे, हलका आहे आणि डिकीची जागा खात नाही. वजन कमी राहण्याचा फायदा वरच्या साडेआठ मिलिलिटरमध्ये दर सिग्नलला मिळत राहतो.

आता कागदावरच्या वीसबद्दल. तो आकडा खोटा नसतो, पण तो एका ठरावीक चाचणीचा असतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते, वेगाचा आलेख सेकंदागणिक ठरलेला असतो आणि एसी बंद असतो. युरोपातली जुनी एनईडीसी चाचणी वीस मिनिटांची, अकरा किलोमीटरची आणि फारच सौम्य होती. छोटी टर्बो इंजिनं तिच्यात विशेष चमकायची, कारण तीत टर्बोला जोर लावायची वेळ क्वचित यायची. २०१७ पासून आलेली डब्ल्यूएलटीपी तीस मिनिटांची, २३ किलोमीटरची आहे, तिची सरासरी ताशी ४६.५ आणि कमाल वेग १३१ किलोमीटर. ती वास्तवाच्या बरीच जवळ आहे, पण तुमची सरासरी ताशी २० आहे. दोन गाड्यांचे आकडे एकाच चाचणीचे असतील तर तुलनेसाठी वापरा, स्वतःच्या खर्चाच्या अंदाजासाठी नको.

आतापर्यंतचं एकत्र केलं तर: तुमच्या शहरातल्या फेऱ्यांत दोन्ही इंजिनांमधला फरक लहान असेल, सपाट महामार्गावर शांत चालवल्यास टर्बो बरोबरीची किंवा थोडी पुढे राहील, चढावर टर्बो सोपी वाटेल पण पेट्रोल जास्त घेईल, आणि छोट्या थंड फेऱ्या टर्बोच्या ऑइलला जास्त जड जातील.

यावरून माझा सल्ला १.२ लिटरच्या साध्या इंजिनाचा, त्याचा कॉम्प्रेशन रेशो वर सांगितल्याप्रमाणे चांगला असेल तर. त्यात स्टार्ट-स्टॉप असेल आणि ती दुसरीपेक्षा वजनाने हलकी असेल तर शंका घेऊ नका. तुमचे लांबचे प्रवास आठवड्यातून एकदा होणार असतील, किंवा चढाचा भाग जास्त असेल आणि गाडी नेहमी भरलेली असणार असेल, तर मी टर्बो सुचवीन, ऑइलबद्दलच्या अटी पाळायची तयारी ठेवून.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातल्या चौघांना बसवा आणि एखाद्या चढावर १.२ ला तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून पूर्ण ॲक्सिलरेटरवर नेऊन बघा. तो जोर तुम्हाला पुरेसा वाटला तर टर्बोसाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. टर्बोत उलट तपासणी करा. दुसऱ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमच्या आसपास, गर्दीत सरकतो तसं चालवा. टर्बोचा दाब तयार व्हायच्या आधी ते फक्त एक लिटरचं कमी कॉम्प्रेशनचं इंजिन असतं. रोजच्या सत्तावीस मिनिटांतला बराच वेळ तुम्ही तिथेच असणार आहात. गाडी घेतल्यावर मायलेज डॅशबोर्डवर पाहू नका. त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, पुढच्या वेळी तसंच करा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवरून मत बनवू नका. चार-पाच टाक्यांची बेरीज करून भागाकार करा, म्हणजे नोझल थोडं आधी-नंतर बंद झाल्याचा फरक त्यात मिटतो.